उताणं झुरळ वाचायचं कसं

सकाळी ओट्यासमोर उताणं झुरळ दिसलं की आपला हात आधी केरसुणीकडे जातो. माझी विनंती आहे, दोन मिनिटं थांबा. ते कशानं पडलं, कुठून आलं, मागे आणखी किती असतील आणि मुळात ते मेलंय का, हे सगळं त्याच्या पडण्यावरून कळतं. एकदा झाडून केरात गेलं की ती माहितीही केरात जाते.

मी २००३ पासून पेस्ट कंट्रोलचं काम करतो. ठाकुर्ली, डोंबिवली, कल्याण, बदलापूर या पट्ट्यातल्या चाळी, सोसायट्या, खानावळी, दोन मंगल कार्यालयं. त्याआधी बी.एस्सी.ला झूलॉजी होतं, त्यामुळे झुरळाशी पहिली ओळख मेणाच्या ट्रेमध्ये टाचण्यांसकट झाली. इतक्या वर्षांत गिऱ्हाइकांकडून दोन वाक्यं मी सगळ्यात जास्त ऐकली. एक म्हणजे, "दादा, काय जबरदस्त औषध होतं, सकाळी सगळी उताणी!" आणि दुसरं, "जेल लावून गेलात, पण मेलेलं एकसुद्धा दिसलं नाही." (जेल म्हणजे फटींच्या तोंडाशी ठिपक्यांनी लावायचं, झुरळानं खायचं औषध.) दोन्हीकडे हिशेब उताण्यांचाच. याच हिशेबानं लोक चांगलं काम नाकारतात आणि वाईट कामाचे पैसे आनंदानं देतात. माझा त्यावर राग आहे, पण गिऱ्हाइकावर नाही. झुरळ उताणं का होतं हे त्यांना कोणी सांगितलेलंच नसतं.

कॉलेजात आम्ही झुरळ पालथं ठेवून टाचायचो आणि पाठीवरचे पट्टे एकेक करून कापायचो. हृदय पाठीलाच असतं, ते लगेच दिसायचं. मज्जारज्जू मात्र आपल्या उलट, पोटाच्या बाजूला अगदी तळाशी. आतडी आणि पांढरी चरबी बाजूला सारल्यावर तो शेवटी सापडायचा. जोडीनं जाणारा बारीक पांढरा दोरा आणि त्यावर गाठी, छातीत तीन, पोटात सहा. छातीतली प्रत्येक गाठ पायांची एक जोडी सांभाळते. म्हणून डोकं तुटलेलं झुरळही काही दिवस पाय हलवत राहतं. श्वासालाही त्याला डोकं लागत नाही, अंगाच्या दोन्ही कडांना श्वासाच्या भोकांच्या दहा जोड्या असतात.

चालतानाची युक्ती पाहण्यासारखी आहे. एका बाजूचा पुढचा आणि मागचा पाय, दुसऱ्या बाजूचा मधला, असे तीन पाय टेकलेले आणि उरलेले तीन उचललेले. पुढच्या पावलाला अदलाबदल. म्हणजे कुठल्याही क्षणी झुरळ एका तिपाईवर उभं असतं. ते पळताना डगमगत नाही ते यामुळेच. पण ही तिपाई टिकते ती तीन गाठींनी एकमेकींचं ऐकलं तरच.

आता फवारणी. दुकानात मिळणारे बहुतेक स्प्रे, रेघ ओढायचे खडू, डासांच्या कॉइल यांतलं औषध पायरेथ्रॉइड जातीचं असतं. शेवंतीच्या कुळातल्या एका फुलात याचं मूळ द्रव्य असतं, ही त्याची कारखान्यात बनवलेली भावंडं. मज्जातंतूतून निरोप जाताना सोडियम आत घेणारं एक दार उघडतं आणि लगेच मिटतं. या औषधानं ते दार उघडंच अडकून बसतं. एका निरोपाच्या जागी निरोपांचा मारा सुरू होतो आणि सहाही पाय आपापल्या मर्जीनं झटके देऊ लागतात. एका बाजूचे पाय आत ओढले गेले आणि दुसऱ्या बाजूचे ताठ झाले की लांब पायांवर तोललेलं ते जड अंग कलंडतं. कलंडलं की पाठ जमिनीला.

पाठीवर पडणं ही तशी मोठी गोष्ट नव्हे. धडधाकट झुरळही पडतं. मग ते पंख उघडून जमिनीला टेकू देतं, पाय झाडतं, कुशीवर वळतं आणि उठून पळतं. अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात याचा बारकाईनं अभ्यास झालाय, कारण पडलेल्या यंत्रमानवानं स्वतःहून कसं उठावं हा तिथला प्रश्न होता. निरोगी झुरळालासुद्धा हे दरवेळी पहिल्या झटक्यात जमत नाही, पुन्हा पुन्हा प्रयत्न करावे लागतात, असं त्यात दिसलं. मग ज्याचे पायच ताब्यात नाहीत त्याला कुठून जमणार?

त्यात आपली फरशी. रानात झुरळ पडलं तर आजूबाजूला पाचोळा, काटक्या, गवत असतं. पायाला काहीतरी लागतं, त्याला धरून ते वळतं. व्हिट्रिफाइड टाइलवर धरायला काही नाही. चाळीतल्या जुन्या शहाबादी फरशीवर किंवा उखडलेल्या कोब्यावर काही झुरळं झटके खात का होईना पुन्हा पालथी होऊन कोपऱ्यात शिरलेली मी पाहिली आहेत. त्याच औषधानं, त्याच मजल्यावर, शेजारच्या नव्या टाइलच्या घरात सगळी उताणी. शेजारणींनी मला दोन वेगळी औषधं मारल्याबद्दल जाब विचारला होता.

औषधाशिवाय मेलेलं झुरळही कधी उताणं मिळतं. जीव जाताना पाय आत दुमडतात, खालचा आधार अरुंद होतो आणि वाऱ्याच्या झुळकीनं किंवा केरसुणीच्या टोकानं ते कलंडतं. मात्र फटीत, ट्रॉलीच्या मागे, फळ्यांच्या बेचक्यात मेलेलं झुरळ बहुतेक पालथंच राहतं, कारण तिथे कलंडायला जागाच नसते. ते आपल्याला दिसत नाही. दिसलं तरी जिवंतच वाटतं, आणि लोक मेलेल्यावर पुन्हा स्प्रे मारतात. म्हणजे झुरळं उताणी मरतात असं जे आपल्याला वाटतं, त्यातला मोठा भाग इतकाच की उघड्यावर मेलेली तेवढीच आपल्या नजरेला पडतात.

तर आता वाचायला बसू. हिराच्या केरसुणीची एक काडी काढा आणि तिनं झुरळाच्या पोटाला, पायांच्या मधोमध, हलकेच स्पर्श करा. चप्पल नको, काडीच. काहीच हललं नाही आणि पाय दुमडलेले, कडक असतील तर ते मेलंय. पायांची टोकं किंवा मिशा थरथरल्या तर ते पडलंय, मेलेलं नाही. आमच्या धंद्यात याला नॉकडाउन म्हणतात, आणि नॉकडाउन म्हणजे किल नव्हे. आणि त्यानं काडी घट्ट धरली, तिच्या आधारानं उलटून उभं राहिलं आणि सरळ रेषेत पळालं, तर त्याला औषध लागलेलंच नाही, ते भिंतीवरून घसरून पडलं होतं.

थरथरणारं सापडलं तर त्यावर काचेचा जुना ग्लास पालथा घाला आणि दुसऱ्या दिवशी त्याच वेळेला बघा. घरच्या घरी करता येणारी याहून उपयोगी तपासणी मला माहीत नाही. चोवीस तासांनी ते निपचित असेल तर औषध पुरलं. ते ग्लासात उभं राहून मिशा साफ करत असेल, तर मात्रा कमी पडली किंवा तुमच्या घरातली झुरळं त्या औषधाला सरावली आहेत. पायरेथ्रॉइडला सरावलेली झुरळं आता जगभर आहेत. अशा घरात तोच स्प्रे दुप्पट मारून काही होत नाही. तुमच्या फुप्फुसात तेवढा दुप्पट जातो.

मी कामाला लागलो तेव्हा आमच्या पंपात बहुतेक वेळा डायक्लोरव्हॉस असायचं, आम्ही डीडीव्हीपी म्हणायचो. वेगळ्या जातीचं औषध, पण तेही मज्जातंतूंवरच चालणारं आणि त्याची वाफही मारक. संध्याकाळी मारलं की सकाळी फरशीवर उताण्यांचा खच पडलेला असायचा. गिऱ्हाइकं खूश, आमचे शेठ खूश. तीन आठवड्यांनी पुन्हा फोन, कारण भिंतीतली पिल्लं आणि अंडी जागच्या जागी होती. ३१ डिसेंबर २०२० पासून भारतात त्या औषधावर बंदी आली. त्याचा वास मला आजही आठवतो आणि त्या वेळी मास्क न घालता ते मारणारे आम्ही सगळे आठवतो. बंदी आली ते फार चांगलं झालं. तरी अजून कोणी "जुनं स्ट्राँगवालं मारतो, एका रात्रीत सगळी उताणी" असं सांगत आला तर त्याला दारातूनच परत पाठवा.

आता आकार पाहा. नखाएवढं, साधारण १२ ते १५ मिलिमीटर, फिक्या तपकिरी रंगाचं, डोक्यामागच्या ढालीवर दोन उभ्या काळ्या रेघा, हे जर्मन झुरळ. उताण्या अंगावर रेघा दिसत नाहीत, काडीनं पालथं करून बघा. हे स्वयंपाकघरातलं, तुमच्याच घरात जन्मलेलं. नाव जर्मन असलं तरी २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात १७ देशांमधल्या २८१ झुरळांची जनुकं तपासली, तेव्हा त्याचं मूळ सुमारे २१०० वर्षांपूर्वीच्या भारतात किंवा म्यानमारमध्ये निघालं. अंगठ्याएवढं, लालसर तपकिरी, ढालीला पिवळट कड असलेलं ते अमेरिकन, म्हणजे आपल्या बोलण्यातलं गटारातलं मोठं झुरळ. तेच मेणाच्या ट्रेमधलं. तिसरं एक पट्टेवालं असतं, टीव्हीच्या मागे, कपाटाच्या माथ्यावर, कोरड्या जागी राहणारं. ते आमच्या भागात मला क्वचितच भेटलं.

हा फरक ओळखणं अतिशय महत्त्वाचं आहे, कारण छोट्या आणि मोठ्या झुरळांचा इलाज वेगळा. बाथरूममध्ये किंवा जिन्यात दोन-तीन मोठी झुरळं उताणी सापडली तर घाबरून घरभर फवारणी करू नका. आधी सोसायटीच्या वॉचमनला विचारा, काल चेंबरमध्ये औषध मारलं का. दहातल्या सात वेळा उत्तर हो येतं. चेंबरमधली झुरळं औषधानं अस्वस्थ होऊन पाइपानं वर चढतात आणि तुमच्या टाइलवर येऊन पडतात. तसं नसेल तर नहाणी ट्रॅप बघा. त्यात कायम थोडं पाणी साठलेलं असतं, तेच खालच्या गटाराला अडवतं. मे महिन्यात गावाला जाऊन घर पंधरा दिवस बंद ठेवलं की ते पाणी आटतं आणि वाट मोकळी होते. निघण्याआधी ट्रॅपमध्ये पाणी ओतून त्याच्या जाळीवर प्लास्टिकची पिशवी आणि वर पाण्यानं भरलेला डबा ठेवा. पहिल्या मोठ्या पावसात चेंबर भरतात तेव्हाही ही झुरळं वर येतात. मोठ्या झुरळांचा प्रश्न निम्म्याहून अधिक वेळा प्लंबरचा असतो, माझा नव्हे. हे सांगून मी बरीच कामं गमावली आहेत आणि त्याचं मला वाईट वाटत नाही.

झुरळ उताणं असण्याचा एक फायदा म्हणजे पोट दिसतं. मोठ्या झुरळाच्या मादीच्या पोटाचा सातवा पट्टा नावेसारखा असतो, नराच्या शेपटाशी दोन बारीक शूक, म्हणजे काट्यांसारखे अवयव, जास्तीचे असतात. हे प्रॅक्टिकलला पाठ केलेलं. घरी त्याचा उपयोग थोडा. पण छोट्या झुरळाच्या शेपटाशी एक तपकिरी, रेघारेघांची चपटी डबी चिकटलेली दिसली तर लक्ष द्या. ती अंड्यांची डबी. एका डबीत ३० ते ४० अंडी असतात आणि जर्मन मादी ती पिल्लं बाहेर पडेपर्यंत अंगावरच वागवते. आई औषधानं पडली तरी डबीच्या आत औषध पोचत नाही, आणि डबी पिकलेली असेल तर पिल्लं बाहेर येऊ शकतात. अशी मादी केरात टाकू नका. कागदात गुंडाळून चिरडा आणि मग टाका. एका सकाळी डबीवाल्या तीन माद्या मिळाल्या तर महिनाभरात पुन्हा पिल्लं दिसतील असं धरून चाला.

जागाही सांगते. छोटी झुरळं लपण्याच्या जागेपासून फार लांब जात नाहीत. उताणं झुरळ जिथे पडलं तिथून दोन-तीन हातांच्या आत टॉर्च मारा. ट्रॉलीच्या बिजागऱ्या, सिंकखालच्या पाइपाचं भोक, फ्रीजच्या मागची कॉम्प्रेसरची उबदार जागा, मिक्सरचा तळ, वॉटर प्युरिफायरची पाठ, गॅसच्या शेगडीखालचा खाच. मिरपूड सांडल्यासारखे काळे ठिपके जिथे दाट, तिथे त्यांचा मुक्काम. रात्री दिवे मालवून तासाभरानं अचानक टॉर्च लावलीत तर पळतात कुठे तेही कळेल. आणि एक गोष्ट, दिवसाढवळ्या ओट्यावर झुरळं फिरताना दिसत असतील तर फटी भरून गेल्या आहेत, हा सगळ्यात वाईट निरोप.

आता जेल, आणि ठाकुर्लीच्या आजींची गोष्ट. २०१९ चा गणपती तोंडावर आला होता, आमचा सगळ्यात घाईचा हंगाम. आजी सत्तरीपुढच्या, एकट्या राहणाऱ्या. नातीला दमा, ती सुट्टीला यायची म्हणून त्यांनी स्प्रे नको म्हटलं होतं. मी इमिडाक्लोप्रिडचं जेल लावून आलो. आठव्या दिवशी फोन आला, "अरे बाळा, तुझं जेल काही कामाचं नाही. आठ दिवसांत दोन झुरळं मेली. पैसे परत दे."

मी गेलो. वाद घातला नाही. "आजी, पाच मिनिटं द्या," म्हटलं आणि ट्रॉलीखालची लाकडी पट्टी काढली. टॉर्च त्यांच्याच हातात दिली. आत अकरा पूर्ण वाढलेली झुरळं मेलेली, सगळी पालथी, आणि पिल्लं तर धुळीत मिसळलेली, मोजता न येणारी. आजी गुडघ्यावर हात ठेवून वाकून बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "ही तर झोपल्यासारखी दिसतात रे."

जेल खाल्लेलं झुरळ असंच मरतं. ते रात्री फटीच्या तोंडाशी येतं, जेलचा ठिपका खातं आणि घरी परत जातं. औषध मज्जातंतूंवरच चालणारं असलं तरी पोटात जाऊन चढायला वेळ घेतं, आणि तोवर ते आपल्या फटीत पोचलेलं असतं. तिथे मेलेल्याला आणि त्याच्या विष्ठेला बाकीची झुरळं तोंड लावतात, लहान पिल्लं तर मोठ्यांच्या विष्ठेवरच वाढतात, आणि काही जेलांचं औषध असं एका पोटातून दुसऱ्या पोटात जातं. बाहेर न येणारी पिल्लं या वाटेनं मरतात. स्प्रेला हे कधी जमत नाही. तो वाटेत भेटलेल्याला पाडतो आणि उरलेल्यांना भिंतीत आणखी आत पळवतो.

लावताना मसुरीच्या डाळीपेक्षा मोठा ठिपका नको. चार मोठे गोळे लावण्यापेक्षा तीस बारीक ठिपके लावा, वर सांगितलेल्या फटींच्या तोंडाशी, हात आणि फडकं पोचणार नाही अशा ठिकाणी. पोळ्या लाटतो तिथे, भांड्यांच्या आत, लहान मुलाचा हात पोचेल तिथे कधीही नाही. आणि जेल लावलेल्या स्वयंपाकघरात स्प्रे मारू नका, खडूची रेघ ओढू नका, ठिपक्यांजवळ फिनाइलनं पुसू नका. वासानं झुरळ जेलकडे फिरकत नाही आणि मग दोन्ही औषधं वाया जातात. लोकांकडून होणारी ही सगळ्यात मोठी चूक, आणि ती मेलेलं दिसत नाही म्हणूनच होते. चौथ्या दिवशी धीर सुटतो आणि हात स्प्रेच्या डब्याकडे जातो.

ठिपके आठवड्यानंतरही जसेच्या तसे असतील तर दोन शक्यता. ओट्यावर त्याहून चांगलं जेवण उघडं आहे, किंवा झुरळांना त्या जेलची गोडी नाही. दुसरी गोष्ट खरी घडलेली आहे. जेलमध्ये गोडीला ग्लुकोज असायचं. काही जर्मन झुरळांच्या पिढ्यांना ते कडू लागू लागलं आणि ती जेल टाळून वाचली. हे कसं होतं ते २०१३ साली संशोधकांनी दाखवून दिलं. आम्ही म्हणून दर काही महिन्यांनी जेल बदलतो.

खर्च नको असेल तर बोरिक पावडर, कॅरमवर टाकतो तीच, फक्त डब्यावर बोरिक अ‍ॅसिड लिहिलंय ना ते बघून घ्या. फ्रीजखाली, ट्रॉलीच्या मागे, स्विचबोर्डाच्या कडेला अगदी विरळ भुरभुरवा, फुंकरीनं उडाल्यासारखी. ढीग केला तर झुरळं त्याला वळसा घालतात. विरळ थरावरून गेलं की ती पायांना, मिशांना लागते, आणि झुरळ मिशा तोंडात ओढून साफ करत असल्यामुळे पोटात जाते. मरायला काही दिवस लागतात. ओल लागली की गुठळ्या होऊन निकामी. लहान मुलं आणि पाळीव जनावरं असलेल्या घरात ती उघड्यावर टाकू नका, पोटात गेलेली माणसालाही बाधते.

जनावरांवरून एक सांगायलाच हवं. २००६ मध्ये एका घरी मी पायरेथ्रॉइड फवारलं आणि हॉलमधली माशांची टाकी झाकायची राहिली. दुसऱ्या दिवशी झुरळांच्या जोडीला आठ गप्पी वर तरंगत होते. शाळेतून आलेला त्या घरचा मुलगा काही बोलला नाही, फक्त टाकीकडे बघत राहिला. ही औषधं माशांना अत्यंत विषारी असतात, मला ते माहीत होतं आणि घाईत राहून गेलं. तेव्हापासून दारात शिरताना माझा पहिला प्रश्न तोच असतो, टाकी आहे का. तुम्हीही स्प्रे मारण्याआधी टाकी प्लास्टिकनं झाका, हवेचा पंप बंद करा. आणि घरात मांजर असेल तर उताणी झुरळं ती उठायच्या आत उचला. मांजराला हलणाऱ्या पायांशी खेळायला आवडतं, आणि यातली काही औषधं तिच्या शरीराला पचवता येत नाहीत.

उचलायचं कसं, तर कोरडं झाडू नका. मेलेलं झुरळ वाळलं की त्याचे पाय, पंख, कातडी यांचा भुगा होतो आणि तो केरसुणीनं हवेत उडतो. त्याची विष्ठा आणि भुगा दम्याला त्रासदायक असतात. अमेरिकेतल्या मोठ्या शहरांतल्या ४७६ दमेकरी मुलांवरचा एक अभ्यास १९९७ मध्ये प्रसिद्ध झाला. झुरळाची अ‍ॅलर्जी असलेल्या आणि ज्यांच्या झोपायच्या खोलीत त्याचे अंश भरपूर होते अशा मुलांना बाकीच्यांपेक्षा तिपटीहून जास्त वेळा दवाखान्यात भरती करावं लागलं. आजींच्या नातीमुळे मी ही गोष्ट जास्त मनावर घेतली. तेव्हा ओल्या कागदानं उचला, कागदाची पुडी करा, जागा साबणाच्या पाण्यानं पुसा. जेल लावल्यावर दहा-बारा दिवसांनी ट्रॉल्या पूर्ण बाहेर काढा आणि मागची पालथी झुरळं अशीच ओल्या फडक्यानं टिपा. त्या आधी नको, कारण तोवर ती बाकीच्यांना मारण्याचं काम करत असतात. दमा असलेलं माणूस त्या वेळी दुसऱ्या खोलीत बसवा.

दुसरी खेप तीन-चार आठवड्यांनी लागतेच, अंड्यांच्या डब्यांमधली पिल्लं तोवर बाहेर आलेली असतात. माझ्याकडून असो की दुसऱ्या कोणाकडून, ही खेप बिलात धरलेली आहे का ते आधी विचारा. तोवर नोंद ठेवा. कागदावर दोनच रकाने पुरतात. बाहेर उताणी किती आणि फटीत पालथी किती. जेलनंतर पहिल्या आठवड्यात पालथीच जास्त असतील, मग दोन्ही कमी. महिनाभरानंतर पुन्हा छोटी, पंख नसलेली, गडद रंगाची पिल्लं उताणी मिळू लागली तर एखादी फट सुटली आहे, तिथे पुन्हा टॉर्च.

आजींनी ही नोंद भिंतीवरच्या कॅलेंडरवर ठेवली. मी दुसऱ्या खेपेला गेलो तेव्हा दुधाच्या हिशेबाशेजारी पेन्सिलीनं लिहिलेलं होतं, उ. २, पा. ११, पुढच्या आठवड्यात उ. ०, पा. ४. दिवाळीच्या आधी तिसऱ्यांदा गेलो तर त्या आठवड्याच्या चौकोनांत नुसती टिंबं होती.

"आजी, हे काय? बघायचं राहिलं का?"

"रोज बघते. पट्टी काढून बघते. काही नव्हतं, म्हणून टिंब."